कोरं घर

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सामान धडपणे पोचलं हे वाचून जीव भांड्यात पडला. टेम्पोवाल्याने तुझं शिलाई मशीन आडवं घातलं म्हणून तू त्याला भर रस्त्यात काय काय सुनावलंस ते वाचताना मी एकटाच खो खो हसत सुटलो. आमच्या खोलीतले बाकीचे म्हणाले, याला आता घरी पाठवायला झालंय. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा तेही हसले. ताई, हॉस्पिटलच्या कपडेखात्यात एवढी वर्षं चादरी मोजून तुझा आवाज चांगलाच तयार झालाय.

आता ऐक, आणि फुगून बसू नकोस. घर आपलं आहे, पण ते विकण्यासाठी घेतलंय, हे विसरायचं नाही. बाबांचं घर विकून आलेला तुझा-माझा वाटा सगळा त्या सातव्या मजल्यावर आहे. दलालाचं म्हणणं असं की कोऱ्या घराला एक भाव आणि वापरलेल्या घराला दुसरा. म्हणून भिंतीला खिळा मारायचा नाही. दारांच्या मुठींवरचं आणि खिडक्यांच्या चौकटींवरचं प्लास्टिक तसंच राहू दे. ओट्यावर पुठ्ठा घाल आणि त्याच्यावर शेगडी ठेव. बाबांचा फोटो सध्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेव, ते काही म्हणायचे नाहीत.

भाव चढला की विकून टाकू आणि दोघांना पुरेल असं एखादं बसकं घर घेऊ, तळमजल्याचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींत लिफ्ट बसवल्या, आता मला एकही पायरी नको आणि लिफ्टही नको. माझा इथला परदेशातला करार पुढच्या वर्षी मार्चमध्ये संपतो. मार्चमध्ये मी आलोच म्हणून समज.

एक मात्र दर पत्रात लिहीत जा, इमारतीत किती जण राहायला आले. इमारत भरली की भाव चढतो, साधं गणित आहे. आणि खरं सांगू का, तुला तिथे कोणाची तरी सोबत आहे एवढं कळलं की मी निर्धास्त होतो. तुला एकटीला सातव्या मजल्यावर नेऊन बसवलं हे मनाला लागून राहिलंय.

तब्येतीला जप, आणि या धाकट्यावर आहे तो जीव असाच राहू दे.

तुझा,
खारू


१९ फेब्रुवारी

चि. खारूस,

अ. उ. आ. तुझं पत्र मिळालं. नियमावली वाचली. पत्र होतं की वसतिगृहाचा सूचनाफलक, असा प्रश्न पडला. लहानपणी दप्तरात खडूचे तुकडे आणि रबरं दडवून ठेवायचास म्हणून बाबांनी तुला खारू म्हणायला सुरुवात केली. तेव्हा निदान ती रबरं वापरायची परवानगी होती. आता तू घरं साठवायला निघालास आणि मला सांगतोस, हात लावू नको.

तरी सगळं तुझ्या मनासारखं करते आहे. पुठ्ठ्यावर शेगडी ठेवली आहे. प्लास्टिक जागच्या जागी आहे, दार उघडताना चुरचुर वाजतं. बाबा टेबलावर बसून रोज माझ्या ताटात बघतात आणि मी काय टाकलं त्याची नोंद घेतात. कपडे अजून पेटीतच आहेत, कारण कपाटाच्या दांडीला ओरखडे पडतील. पाहुण्यासारखी राहते, म्हणजे तुला काळजी नको.

इमारतीचं विचारलंस. हळूहळू भरते आहे. वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ आले आहेत. पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. संध्याकाळी वाजवायला बसतात, पण सगळा वेळ एकच सूर लांबवतात, पुढे जातच नाहीत. पाचव्या मजल्यावर एक चष्मेवाला आणि त्याची बहीण आहे. तो जगाचे चष्मे करतो आणि स्वतःचा रोज हरवतो. मग बहीण त्याला फैलावर घेते. अगदी आपल्यासारखं, फक्त त्यांचं भांडण टपालाने होत नाही. जिन्याजवळच्या घरात एक नर्सबाई आल्या आहेत. त्यांनी निळे पडदे लावलेत, शिवण चांगली आहे.

आणि तुझ्या धंद्याची म्हणून खास बातमी, इथली लिफ्ट फार गुणी आहे. कधीही दार उघडावं, ही माझ्याच मजल्यावर येऊन उभी. रविवार सोडला तर एकदाही बटण दाबून ताटकळावं लागलं नाही. रविवारी घरं बघायला माणसं येतात.

फोन करू का असं विचारशील. नको. फोनवर तू नुसता, आणखी सांग, आणखी सांग, करतोस आणि मला काही सुचत नाही. पत्रच बरं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझ्या वाट्याची काळजी थोडी कमी कर, आणि माया तेवढी तशीच ठेव.

तुझी ताई


२ मार्च

प्रिय चिमणीस,

स. न. वि. वि. मावसबहीण म्हणून नाही, माझ्या पोटातलं जिथे ठेवता येतं अशी तू एकच आहेस म्हणून हे तुला लिहिते. वाचून झालं की फाडून टाक. सुनांच्या हाती लागू देऊ नकोस.

चिमणे, या इमारतीत मी एकटी राहते. एकटी म्हणजे अक्षरशः एकटी. गंमत अशी की घरं सगळी विकली गेली आहेत. माझ्या शेजारचं तेवढं एक शिल्लक आहे. पण राहायला कोणी घेतलंच नाही. सगळ्यांनी भाव चढायची वाट बघायला घेतली आहेत. कोऱ्या घराला जास्त भाव, म्हणून भाड्यानेही कोणी देत नाही. खाली पहारेकरी आहे, पण तो मुळात पलीकडच्या बांधकामाचा. आमच्या फाटकात तो सावलीला बसून जेवायला येतो, तेवढंच.

दलालाला मी चावीवाला म्हणते. कमरेला लोखंडी कडीत सगळ्या घरांच्या चाव्या घेऊन तो बैलासारखा वाजत येतो. त्याने मला एक काम दिलंय. बंद घरात पाणी वापरलं नाही की मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. तो वास आला की गिऱ्हाईक पळतं. म्हणून मी घरोघर जाऊन नळ सोडते, खिडक्या उघडून वारा घेते. रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईकं येतात तेव्हा काही घरांत दिवे लावते, म्हणजे रस्त्यावरून इमारत भरल्यासारखी दिसते. विजेचं बिल बिल्डर भरतो. दर्शनी खिडक्यांना पडदे हवेत म्हणाला, तेही मीच शिवून दिले. निळे माझ्या आवडीचे.

रविवारपुरतं सांगितलं होतं. मी रोज जाते. दिवा लावते आणि त्या रिकाम्या घरात जमिनीवर थोडी बसते. आठव्या मजल्यावर एका खिडकीच्या फटीतून वारा शिरला की एकच लांब सूर निघतो, तोच माझा क्लॅरिनेटवाला. पाचव्यात कोणीतरी बघायला आलेला माणूस चष्म्याचं रिकामं घर विसरून गेला, त्यावरून चष्मेवाला झाला. त्याची बहीण मी आपली पदरची दिली, त्याला रागवायला कोणीतरी हवं ना. हे सगळं मी खारूला लिहून टाकलं. त्याने विचारलं होतं, सोबत आहे का. नाही म्हणून लिहायला पेन धरलं, आणि तिकडे तो एका खोलीत तीन परक्या माणसांबरोबर कसा झोपत असेल ते डोळ्यांपुढे आलं. हात दुसरंच लिहून बसला. फोन तर मी घेतच नाही. फोनवर माझा आवाज मला फितूर होतो.

मला इथे फार एकटं वाटतं गं. दिवसभरात कोणाशी बोलले नाही की संध्याकाळी आवाज बसल्यासारखा होतो, मग मी मुद्दाम खोकून बघते. पण हे त्याला कळता कामा नये. मार्चपर्यंत रेटायचं आहे, पुढच्या मार्चला तो येतो आहे. तेवढं एक धरून बसले आहे.

रागावलीस तरी उत्तर लगेच टाक. आपल्यात रुसव्याला जागा आहे, विसरायला नाही.

तुझी,
अक्का


११ मार्च

प्रिय अक्कास,

स. न. वि. वि. पत्र फाडलं नाही. फाडायला या घरात एकटं सापडायला तर हवं! पिठाच्या डब्यात लपवलं आहे.

अगं बये, तुला झालंय तरी काय? तुला शेजार नाही म्हणून तू रडतेस आणि मला शेजार पुरे झालाय म्हणून मी. थोरला, धाकटा, दोघी सुनांच्या दोन तऱ्हा, सकाळी न्हाणीघरापुढे रांग, आणि मी पाठ टेकली रे टेकली की, आई, माझा मोजा कुठाय. मला कोणी दहा मिनिटं मोज्याचं न विचारता बसू दिलं ना, तर मी त्या आठव्या मजल्याच्या क्लॅरिनेटवाल्याशी लग्न लावून घेईन. एकच सूर वाजवतो ना? उत्तम. आमच्या ह्यांना तेवढाही येत नव्हता.

चेष्टा पुरे. तू खारूला लवकर खरं काय ते कळव. मी त्याला ओळखते. लहानपणी आपण त्याला म्हटलं होतं की खडू जमिनीत पुरला की वाढतो, तर त्याने सगळे खडू पुरले आणि रोज पाणी घालत बसला. तो तुझं पत्र नुसतं वाचत नाही अक्का, तो ते हिशेबात धरतो. उद्या त्या चष्मेवाल्याच्या भरवशावर काहीतरी करून बसेल, आणि मग तू कोणाला तोंड दाखवशील?

मी तुझ्याकडे येईन म्हणते, पण धाकटीचे दिवस भरत आलेत. तिचं पार पडलं की येते. तोवर बोलायला कोणी नसलं तर बाबांच्या फोटोशी बोल, खोकत बसू नकोस. लोकांना वाटेल क्षय झालाय.

माझ्या शिव्या या प्रेमाच्या आहेत, तशाच मोजून घे.

तुझी चिमणी


३० एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझी मार्च-एप्रिलची दोन्ही पत्रं एकदमच हातात पडली. खोलीत अक्षरशः चढाओढ लागली, मी कोणतं आधी वाचून दाखवायचं. ताई, तुला कल्पना नाही, तुझी इमारत इथे फार गाजली आहे. संध्याकाळी कामावरून आलो की गवंडी विचारतो, तुमच्या म्हाताऱ्याने पुढचा सूर काढला की नाही. वेल्डर चष्मेवाल्याच्या बाजूचा आहे आणि रंगारी बहिणीच्या. मागच्या आठवड्यात त्यावरून दोघांचं खरंखुरं वाजलं. इथे आम्ही कोणाचे कोणी नाही, चौघांच्या चार भाषा, पण तुझी पत्रं आली की घरी बसल्यासारखं वाटतं.

आता मोठी बातमी. खाली बसून वाच. आपल्या दलालाचा, तू ज्याला चावीवाला म्हणतेस त्याचा, फोन आला होता. भाव चढायला लागलाय. आपल्या शेजारचं घर अजून शिल्लक आहे म्हणाला, आणि घेणारे दोघे टपलेत. मी विचार केला, हा दलाल आहे, हा काय, पिवळ्याला सोनंच म्हणणार. पण तुझी पत्रं आहेत ना माझ्याकडे! आठव्यावर माणसं आली, पाचव्यावर आली, नर्सबाई आल्या, या महिन्यात तर तू तिसऱ्या मजल्यावरचं जोडपंही लिहिलंस. इमारत भरते आहे हे माझ्या सख्ख्या बहिणीने डोळ्यांनी बघितलंय. याहून खात्री ती काय! म्हणून काल शेजारच्या घराचा बयाणा पाठवून दिला. माझी इथली जवळजवळ सगळी शिल्लक त्यात गेली.

उरलेल्या पैशासाठी करार दोन वर्षांनी वाढवून घेतोय. कंपनीचे कागद जूनमध्ये सहीला येतील. म्हणजे मार्चचं पुढे गेलं, तेवढं मनाला लावून घेऊ नकोस. दोन्ही घरं जोडून विकली की आपलं तळमजल्याचं घर अंगणासकट येईल. आणि तुझं तरी आता काय अडलंय, तुला तिथे माणसं आहेत. त्यामुळेच मला हा धीर झाला.

त्या म्हाताऱ्यांना आमच्या खोलीचा नमस्कार सांग. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे, मग भाव आपोआप चढेल.

तुझा,
खारू


१४ मे

चि. खारूस,

अ. उ. आ. हे पत्र जास्तीचं तिकीट लावून पाठवते आहे, म्हणजे लवकर मिळेल. फोनच करणार होते. दोनदा हातात घेतला. पण तू विचारलं असतंस, ताई, म्हातारबुवा कसे आहेत, आणि मी म्हणाले असते, बरे आहेत. मला मी चांगली ओळखते. म्हणून लिहूनच सांगते.

कंपनीच्या कागदावर सही करू नकोस. बयाण्याच्या पुढे एक पैसा देऊ नकोस.

इमारतीत कोणी नाही, खारू. क्लॅरिनेटवाले नाहीत. तो खिडकीतला वारा आहे. चष्मेवाला नाही, त्याची बहीण नाही, तिसऱ्या मजल्याचं जोडपं नाही. निळे पडदे मी शिवले. दिवे मी लावते, चावीवाल्याच्या सांगण्यावरून, गिऱ्हाइकांना दिसावेत म्हणून. ती गिऱ्हाइकं फसली की नाही देव जाणे. तू मात्र फसलास, आणि तुला मी फसवलं. चावीवाल्यालाही बोल लावता येत नाही, त्याने तुला जेवढं सांगितलं त्यापेक्षा मी कितीतरी जास्त सांगितलं.

का केलं ते तुला कळेल असं वाटतं. तुला तिकडे घोर लागू नये म्हणून एक माणूस लिहिला. मग तो एकटा बरा दिसेना म्हणून दुसरा. पुढे पुढे मलाच सवय लागली. संध्याकाळी दिवा लावून आत बसलं की बरं वाटायचं. मग खाली येऊन तुला लिहायचं, म्हणजे कोणालातरी भेटून आल्यासारखं व्हायचं. तुझ्या खोलीतले लोक त्यांच्यावरून भांडतात हे वाचलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग ताटावरून उठले.

आणि तू लिहिलंस, तुला तिथे माणसं आहेत, तुझं काय अडलंय. माझं सगळं अडलंय, खारू. मला इथे राहवत नाही. मार्चच्या नावावर मी दिवस ढकलत होते आणि तो मार्च माझ्याच हाताने मी घालवला. मला आणखी भाव नको, अंगण नको. तू ये. घर विकलं नाही तर नाही. दोघं मिळून पुठ्ठ्यावर स्वयंपाक करू.

तुला राग येईल. येऊ दे. पण गप्प बसू नकोस, गप्प बसण्याची इथे आधीच फार चंगळ आहे. चार ओळी शिव्यांच्या तरी पाठव.

तुझी ताई


२३ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला. राग होता म्हणून नाही. म्हणजे होताच, खोटं कशाला बोलू. आठवडाभर तुझं पत्र उशाखाली ठेवून त्याच्यावर डोकं आपटत होतो. सख्खी बहीण, आणि दलालापेक्षा पक्की निघाली, असं मनात आलं. रंगाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, माझ्याशी इतकं गोड खोटं बोलायला कोणी असतं तर मी इथे आलोच नसतो. तेव्हा जरा शांत झालो.

मग तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा पहिल्यापासून वाचली. इमारतीबद्दलच्या पहिल्याच पत्रात तू लिहिलं आहेस, कधीही दार उघडावं, लिफ्ट माझ्याच मजल्यावर उभी. ताई, मी लिफ्टवाला आहे. अर्धं आयुष्य त्या खड्ड्यांत लोंबकळत काढलं. तुमच्याकडे बसवलेल्या साध्या लिफ्टचा स्वभावच असा, की शेवटचा माणूस जिथे उतरला तिथे ती उभी राहते. दुसऱ्याने बटण दाबेपर्यंत हलत नाही. रोज तुझ्याच दारात ती उभी, याचा अर्थ एकच, तुझ्यानंतर तिला कोणी बोलावलंच नाही. हे आमच्याकडचा नवा शिकाऊसुद्धा सांगेल. मी ते वाचलं, खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं, आणि म्हटलं, बघा आमची लिफ्ट किती गुणी.

मला कळलं नाही कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. तू मजेत आहेस असं धरलं की माझं सगळं गणित बसत होतं. तेव्हा तुझा गुन्हा आणि माझा गुन्हा एकाच मापाचा आहे, आता त्यावर बोलायचं नाही.

कागदावर सही केली नाही, म्हणजे दोन वर्षांची केली नाही. पण बयाणा बुडाला. चावीवाला फोनवर रडकुंडीला आला होता. पलीकडच्या दोन नव्या इमारतींनी एकदम भाव पाडले आणि तुमच्या इमारतीतले मालक घाबरून मिळेल त्या भावाला काढायला निघालेत. आपलं घर आज विकलं तर बाबांच्या घराचे आले त्याहून कमी येतील. रिकाम्या हाताने परत येऊन तुझ्या पेन्शनवर बसायची मला लाज वाटते, म्हणून एक वर्षाची सही केली. या मार्चला नाही, त्याच्या पुढच्या मार्चला येईन. तू म्हणालीस ये, आणि मी हे लिहितोय. मला माहीत आहे तुला काय वाटेल. मलाही तेच वाटतंय.

पण एक कर. घर आता विकायचं नाही, तेव्हा ते कोरं ठेवायचं कारण नाही. प्लास्टिक ओरबाडून काढ. पुठ्ठा फेकून दे. पेटी रिकामी कर आणि कपडे कपाटात लाव. भिंतीला खिळा मार, चांगला लांब मार. बाबांना टेबलावरून उचलून वर बसव.

खोलीतल्यांना खरं सांगितलं. मग गवंडी म्हणाला, तरी पण म्हातारा कसा आहे ते विचारा. म्हणून विचारतो.

रागाचं सगळं लिहून संपलं. आता उरला तो नुसता लोभ, तो वाढवायचा तेवढा वाढव.

तुझा,
खारू


९ ऑक्टोबर

चि. खारूस,

अ. उ. आ. तुझं मधलं पत्र आणि चष्म्याचे पैसे दोन्ही मिळाले. चष्मा केला. चष्मेवाला खरा होता, बाजारातला. उगाच बहिणीची चौकशी केली, तर म्हणाला एकुलता एक आहे. मी उठून आले.

तुझ्या हुकमाप्रमाणे खिळा मारला. हातोडी पहारेकऱ्याकडून मागून आणली. पहिला खिळा वाकला आणि पोपडा निघाला. नव्या भिंतीला भोक पडलेलं बघून वाटलं, आता चावीवाला धावत येतो. मग स्वतःचंच हसू आलं आणि दुसरा जरा वर मारला. तो बसला. बाबा थोडे डावीकडे कलले आहेत, पण आता ताटात बघत नाहीत, दाराकडे बघतात. प्लास्टिक सोलताना तर फार मजा आली. मुठी खाली पितळी रंगाच्या निघाल्या, मला वाटलं होतं पांढऱ्याच आहेत. पेटी उघडली आणि कपडे लावले. दांडीला ओरखडे पडले.

चिमणी येऊन राहून गेली. नातीच्या रडण्याला कंटाळून आली, आणि इथल्या शांततेने तिला झोप येईना. दुसऱ्या दिवशी म्हणाली, अक्का, निदान नळ तरी टपकता ठेव. आठव्या मजल्यावर तिला क्लॅरिनेटवाला ऐकवायला नेलं होतं. वारा पडला होता. ती खूप वेळ खिडकीशी थांबली, मग म्हणाली, चला, हाही गप्प बसणाऱ्यांतलाच निघाला. ती गेली तेव्हा मी फाटकापर्यंत सोडायला गेले, आणि वर यायला पाय वळेनात.

दिवे लावायला आता जात नाही. चावीवाला रविवारी येईनासा झाला आणि येतो तेव्हा कमरेच्या कडीत चाव्या थोड्याच असतात. मालकांनी परत मागून घेतल्या. जाताना मला म्हणाला, बाई, धंदा बसला, आता असली माणसं येतायत ज्यांना फक्त राहायचंय. इतक्या तुच्छतेने म्हणाला की मला हसू आवरेना. भाव पडला म्हणून त्याचं नुकसान झालं, तुझं झालं, माझंही झालं. मी देवाला नमस्कार करताना मात्र गप्प राहते, भाव चढू दे असं आता तोंडातून निघत नाही.

संध्याकाळी इमारत पूर्ण काळी असते. पहिले काही दिवस ते सहन होईना. चुकून हात चावीच्या खिळ्याकडे जायचा. हो, चाव्यांसाठीही एक खिळा मारला, आता मला कोण अडवतंय. पण खोटे दिवे लावले नाहीत. तुला लिहायलाही काही नव्हतं, म्हणून पत्राला उशीर झाला. नाही म्हणायला तुझी फार आठवण आली. ते दर वेळी काय लिहायचं.

आज मात्र बातमी आहे. आता तू माझ्या शेजाऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाहीस, आणि ते बरोबरच आहे. म्हणून माणसाबद्दल काहीच लिहीत नाही. मी कोणाला बघितलं नाही, कोण आहे, किती जण आहेत, कुठल्या मजल्यावर आहेत, मला ठाऊक नाही. तुझ्या धंद्याला पटेल तेवढंच सांगते. काल दुपारी भाजी घेऊन वर आले, सातव्यावर उतरले, दार लावलं. त्यानंतर मी बाहेर पडले नाही. आज सकाळी दार उघडलं, तर लिफ्ट नव्हती.

आधी समजेचना. समोर नुसतं बंद दार आणि वरचा आकडा तीन. खारू, मी पिशवी खाली ठेवली, बटण दाबलं, आणि वाट बघत उभी राहिले.

तुझ्या खोलीला हे वाचून दाखव. सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुला सगळ्यांहून थोडा जास्त.

तुझी ताई